तीन नंबरच्या ओढ्याचं पाणी

१

चित्रानं लाखेचं सील तोडलं, तपकिरी बाटलीचं बूच काढलं, पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतलं, आणि खोलीतल्या सगळ्यांची बोलती बंद झाली.

पाणी नितळ होतं. पाहुण्याला प्यायला द्यावं इतकं नितळ!

आता नितळ पाणी बघून कुणाची बोलती का बंद व्हावी? तर तीन नंबरच्या त्याच ओढ्यावर, त्याच दिवशी, त्याच वेळी भरलेल्या जोडीच्या बाटलीत चित्राला तीन आठवड्यांपूर्वी पिवळंजर्द पाणी सापडलं होतं. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवायला जे क्रोमियम वापरतात, त्याचं पाणी. जनावर प्यायलं तर जगायचं नाही असं. आणि एक बैल खरोखरच गेला होता.

हे प्रकरण एकोणीसशे एकोणऐंशीचं. दोन शेजारी नगरपालिका होत्या. नावं सांगत नाही, सांगितली तर आजही भांडतील. वरच्या गावात कारखान्यांची वसाहत, खालच्या गावात शेती, आणि मधून वाहणारे चार ओढे. पावसाळ्यात या ओढ्यांमधून काय काय वाहून येतं, त्यावर लक्ष ठेवायचं दोघींनी ठरवलं. चिंचवडात एक खोली घेतली, चित्रा नावाची केमिस्ट नेमली, खर्च निम्मा निम्मा. करारात मात्र एक मेख होती. पावसाळा संपला की ज्याच्या हद्दीतून जास्त घाण आली त्यानं पुढच्या वर्षी खर्चाच्या तिनापैकी दोन हिस्से भरायचे. झालं! त्या दिवसापासून दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयानं बघायला लागल्या.

म्हणून मग प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या. एक तपासायची, दुसरी राखीव. राखीव बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची, वर लाख, लाखेवर दोन्ही गावांचे शिक्के, आणि बाटली कपाटात. कपाटाला दोन कुलपं, एकेका गावाचं एकेक.

"सील शाबूत होतं. सगळ्यांनी बघितलंय," वरच्या गावाचा इंजिनिअर सुरेंद्र म्हणाला. पोरगा हुशार, पण जिभेला हाड नाही. "म्हणजे खरं पाणी हे. ते पिवळं पाणी सोनबानं केलेलं आहे."

सोनबा दाराशी उभा होता. कुरुळीचा माणूस, पन्नाशीचा, दोन्ही गावांच्या समितीच्या नोकरीत ओढ्यांवर जाऊन बाटल्या भरायचं काम त्याच्याकडे. त्याचाच तो बैल.

"आईच्यान सांगतो सायेब, जे वढ्यात हुतं त्येच भरलं."

"तारीख काय? तेरा सप्टेंबर. वार? गुरुवार. आमच्या वसाहतीला गुरुवारी सुट्टी असते! एक यंत्र चालू नसतं. मग पिवळं पाणी आलं कुठून? बैल मेला त्याचा राग, दुसरं काय? कुठल्या तरी कारखान्यातून चिमूटभर रसायन मिळवलं आणि पहिल्या बाटलीत टाकलं. सोमवारच्या बैठकीत ठराव करा आणि याला पोलिसात द्या."

खालच्या गावातर्फे सोपानराव बसले होते. मोठे बागायतदार, बैल मेल्यावर वरच्या गावावर मोर्चा घेऊन गेलेले तेच. ते तावातावानं उठले. "गरिबावर आळ घेऊ नका, सांगून ठिवतो!" मग वाडग्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "पन सील शाबूत हाय म्हनल्यावर आता आमी तरी काय बोलावं?"

सोनबानं त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

खालच्या गावाचे अध्यक्ष नानासाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. तिथं इंदुताई बसल्या होत्या. तळेगाव दाभाड्याच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही गावांना मान्य होईल असं हे एकच माणूस सापडलं होतं, कारण नानासाहेबही त्यांचे विद्यार्थी आणि सुरेंद्रही. दोघांनाही त्यांनी बाकावर उभं केलेलं होतं.

"बाई, सोमवारपर्यंत तुम्ही जरा बघाल का?"

इंदुताई उठल्या, चष्मा पुसला, वाडग्यात डोकावल्या. मग रिकामी बाटली उचलून तिच्यात बोट घातलं आणि बोट उजेडात धरलं.

"चित्रा, पहिल्या बाटलीत तळाशी गाळ होता?"

"हो बाई. दोन बोटं. पावसाळ्यातला ओढा तो, असणारच."

"मग ही बाटली ओढ्यावर गेलेलीच नाही," इंदुताई म्हणाल्या.

२

"गेली नाही म्हणजे?" सुरेंद्र फणकारला. "सोनबानंच दुसरी बाटली नळावर भरली असेल!"

"असेल ना. तुझं लबाड पाणी, तुझं खरं पाणी, दोन्ही सोनबाचंच! अरे, ज्याला घाण दाखवायची तो दुसरी बाटली स्वच्छ कशाला भरेल?"

 पण तेवढ्यानं सोनबा सुटला नाही. सील मोडल्याशिवाय बाटली बदलली कशी, ते सांगता येईपर्यंत आळ त्याच्यावरच होता.

शनिवारी सकाळच्या लोकलनं इंदुताई पुन्हा चिंचवडला आल्या. कारकून प्रभाकर एकटाच टंकलेखन यंत्राशी झटत होता. गरीब स्वभावाचा, सगळ्यांना हो म्हणणारा माणूस.

"प्रभाकर, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक वरच्या गावाकडे बाई, एक खालच्या गावाकडे. करारातच आहे तसं."

"करार मी वाचलाय. किल्ल्या कुठं आहेत ते विचारतेय."

प्रभाकरचा चेहरा पडला. त्यानं हळूच भिंतीकडे बोट केलं. पंचांगाखाली एक खिळा होता आणि खिळ्याला दोन्ही किल्ल्या गळ्यात गळा घालून लटकल्या होत्या. "सुरेंद्रसाहेबांना दरवेळी यायला नको आणि सोपानरावांनाही नको. पहिल्याच महिन्यात दोघं म्हणाले, असू दे रे तुझ्याकडे, आपल्यात काय वेगळं आहे!"

"आणि शिक्के?"

प्रभाकरनं मुकाट्यानं खण उघडला. पितळेचे दोन्ही शिक्के, लाखेची कांडी आणि स्पिरिटचा दिवा एकाच डब्यात नांदत होते.

इंदुताईंनी कपाळाला हात लावला. सहा महिने दोन गावं एकमेकांवर दात खात होती, आणि कुलपं-किल्ल्यांचा हा एवढा थाटमाट एका खिळ्यावर टांगून ठेवला होता! आता या खोलीत तासभर एकटा बसलेला कुणीही जुनी बाटली काढू शकत होता, चिठ्ठी सोडून नव्या बाटलीला बांधू शकत होता आणि लाख तापवून दोन्ही शिक्के उमटवू शकत होता.

"बाटल्या पुरेशा आहेत ना?"

"चित्राबाई ओरडत होत्या, एक रिकामी कमी आहे म्हणून. पण बाई, लोक नेतात. बाटली दणकट आहे, रॉकेल ठेवायला बरी पडते. साहेबांनीही नेली, सोपानरावांनीही नेली."

"तू खोली सोडून कधी गेला होतास?"

"मी? कधीच नाही." तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "एकदाच. सर्वपित्रीला. घरी वडिलांचं पान होतं, दुपारी तास-दीड तास गेलो. सोपानराव आले होते, म्हणाले, जा तू, मी बसतो. परत आलो तर सुरेंद्रसाहेबही इथंच बसलेले. खोलीत लाखेचा वास होता बाई. मी विचारलं नाही. मोठी माणसं, कसं विचारणार?"

दोन माणसं, एक दुपार. आणि त्यातल्या एकाला ते पिवळं पाणी नाहीसं व्हायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

३

निरोप मिळताच सुरेंद्र अर्ध्या तासात आला. इंदुताईंनी त्याला चहा दिला आणि आडवळणानं काही विचारलंच नाही.

"सर्वपित्रीला दुपारी तू इथं काय करत होतास?"

त्याचा रंग उडाला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी... मी अहवाल बघायला आलो होतो. पिवळं पाणी सापडल्याचं पंधरा तारखेलाच आम्हाला कळलं होतं. मला, सोपानरावांना, प्रभाकरला. मला पटत नव्हतं. गुरुवारी आमच्याकडे सगळं बंद असतं बाई, वीजसुद्धा तोडलेली असते!"

"तू आलास तेव्हा लाखेचा वास येत होता?"

"आला असेल. मला सर्दी होती."

"सर्दी!" इंदुताईंनी चष्म्यावरून बघितलं. नववीत गृहपाठ न करता आला की हा असाच बोलायचा.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"घेतेय. दोन हिस्से भरायची पाळी तुझ्या गावावर येत होती. बाटली बदलली तर फायदा तुझाच."

तो ताडकन उठला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला. चित्रा दारात उभी राहून हे ऐकत होती. ती आत आली.

"बाई, तो उद्धट आहे, पण लबाड नाही. राखीव बाटली उघडा, उघडा म्हणून माझ्यामागे तोच लागला होता. स्वतः बदलली असती तर..."

"तर तेच केलं असतं," इंदुताई म्हणाल्या. "स्वच्छ पाणी कपाटात ठेवून वर उघडायला लावायचं. त्याला तेच हवं असणार."

चित्रानं सुरेंद्रचा चहा उचलून नेला. इंदुताईंनाही स्वतःच्या बोलण्याचा आनंद झाला नाही. पोरगा आपल्या हाताखाली शिकलेला होता.

त्यांनी वाडग्यातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. पाणी नितळ, पण होतं कुठलं? घरी जाऊन त्यांनी शाळेतला जुना प्रयोग मांडला. साबणाचं पाणी थेंब थेंब घालायचं, बाटली हलवायची आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. हलक्या पाण्याला थोडे थेंब लागतात, जड पाण्याला जास्त. चिंचवडच्या नळाचं पाणी त्या घेऊन आल्या होत्या. त्याला पाच थेंब लागले.

राखीव बाटलीच्या पाण्याला अठ्ठावीस लागले. त्यांनी तीनदा करून बघितलं, तीनदा अठ्ठावीस.

म्हणजे नळाचं नव्हे. विहिरीचं. सुरेंद्र चिंचवडात नळाच्या पाण्यावर राहणारा, प्रभाकर आणि चित्राही तसेच. विहिरीचं पाणी पिणारी माणसं दोनच होती. त्यातला एक सोनबा.

४

रविवारी इंदुताई आधी कुरुळीला गेल्या. सोनबाच्या बायकोनं डोळे पुसत पाणी दिलं. "बाई, ह्येंला बेड्या घालत्याल का वो?"  दोन घोट पिऊन उरलेलं पाणी त्यांनी पिशवीतल्या बाटलीत ओतलं आणि बांधाआड जाऊन थेंब मोजले. अकरा. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ओढ्याच्या कडेकडेनं सोपानरावांच्या मळ्याकडे निघाल्या.

वाटेत त्यांनी हद्दीचा दगड बघितला. वरच्या गावाची हद्द तिथं संपत होती. पुढं सोपानरावांचा मळा, मळ्यात ओढ्याला खेटून पत्र्याची एक लांब शेड, आणि शेडच्या खाली सोनबा बाटल्या भरायचा तो पूल. शेडला कुलूप होतं.

सोपानराव चाकणला गेले होते. त्यांच्या बायकोनं, शालनबाईंनी, सोप्यात सतरंजी टाकली आणि लख्ख घासलेला तांब्या पुढं ठेवला.

"घ्या बाई. आमच्या हिरीचं पानी जड हाय, डाळ शिजता शिजत न्हाई, पन दुहेरी फडक्यानं गाळलेलं हाय. कचरा म्हनून घावायचा न्हाई. हापिसातल्या सायबांलाबी आसंच दिलं हुतं."

इंदुताईंचा हात तांब्यावरच राहिला. "कुठल्या साहेबांना?"

"चिंचवडच्या. पोळ्याच्या दिशी ह्यांनी काळपट बाटली दिली, म्हनले, वढ्याच्या वरच्या अंगाचं पानी भरून बूच लाव, हापिसात द्यायचंय. आता तुमीच सांगा, गढूळ पानी सायबांच्या म्होरं ठिवायचं म्हंजी आमच्या घरची आब काय ऱ्हायली? मी आपलं हिरीचं काढलं, गाळलं आन् भरलं. ह्यांला बोलले न्हाई. बैलं तशीच दावणीला टाकून गेले वो त्या दिशी! शिंगं रंगवायला घरधनी न्हाई, सालगड्यानं पोळा केला."

भादवी पोळा. तीच सर्वपित्री अमावस्या. त्या दिवशी दुपारी बैल सोडून चिंचवडच्या खोलीत जाऊन बसणारा बागायतदार साऱ्या मुलखात शोधून सापडला नसता, आणि ही साधी गोष्ट काल आपल्या ध्यानात आली नाही म्हणून इंदुताई स्वतःवरच चिडल्या.

"शालनबाई, ती शेड कसली?"

"भाड्यानं दिलीया. बेस्तरवारी कंपनीला सुट्टी आसती ना, मग तितली मानसं हितं येऊन काम करत्यात. सायकलीचं सामान चकाकवत्यात. आमच्याच हिरीवरची वीज हाय. दर बेस्तरवारी पंधरा जनांचा चा करून माजा जीव जातो!"

इंदुताईंनी डोळे मिटले. सुरेंद्रचा गुरुवार खरा होता. वरची वसाहत बंद असायची म्हणूनच ही शेड चालायची, आणि पिवळं पाणी हद्दीच्या दगडाच्या अलीकडे ओढ्यात पडायचं. बैल मेल्यावर सोपानरावांना ते पुरतं ठाऊक होतं. राखीव बाटलीतही पिवळंच निघालं असतं, तर गुरुवारी चालू असतं काय याचा शोध थेट या शेडपर्यंत आला असता.

काही न बोलता निघून जाता आलं असतं. पण या बाईच्या तोंडून सगळं काढून घेऊन तिला अंधारात ठेवणं त्यांना जमेना.

"शालनबाई, ते पाणी पिण्यासाठी नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. सोनबाचा बैल, शेड, बाटली आणि उद्याचे पोलीस.

शालनबाईंनी तांब्या उचलला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

५

सोमवारी अकराला बैठक बसली. बाहेर पोलीस शिपाई आला होता. इंदुताईंनी टेबलावर पाण्याच्या चार बाटल्या मांडल्या आणि सगळ्यांसमोर थेंब मोजले. नळाचं पाच. सोनबाच्या घरचं अकरा. राखीव बाटलीचं अठ्ठावीस. चौथीला थेंब पडत गेले तसे सगळे पुढं वाकले. चौथीलाही अठ्ठावीस.

"ही चौथी कुणाची?" नानासाहेबांनी विचारलं.

"सोपानरावांच्या विहिरीची. आज सकाळी मी स्वतः भरली. सर्वपित्रीला दुपारी प्रभाकरच्या जागी हेच बसले होते. तू परत आलास तेव्हा लाखेचा वास होता ना रे, प्रभाकर?"

प्रभाकरनं मान हलवली. सुरेंद्र डोळे फाडून सोपानरावांकडे बघत राहिला. त्यांना घाम फुटला होता, पण गडी मुरलेला होता.

"हिरीचं पानी माजं, म्हंजी चोर मी? हीर उघड्यावर हाय! सोनबा रोज बाटल्या घिऊन माज्याच बांधावरनं जातो. त्यानंच न्हेलं आसंल! मी ह्येच्यासाठी मोर्चा काढला आन् ह्यो माज्याच हिरीवर..."

"अण्णा!" सोनबा सोपानरावांकडे बघून ओरडला. 

नानासाहेब घुटमळले. खरंच, विहीर उघड्यावर होती.  शालनबाईंचं बोलणं इंदुताई सांगू शकत होत्या, पण नवऱ्यानं डोळे वटारले की ती बाई नाही म्हणणार, आणि मग सोनबा कायमचा बुडणार. सोपानराव सावरले, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बोलवा पोलिसाला."

"बोलवा," दारातून आवाज आला. शालनबाई होत्या. चाकणच्या एसटीनं एकट्या आल्या होत्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला.

"तू हितं कशाला आलीस? घरी चल, मग बघतो!"

"घरी काय बघताय, हितंच बघा." त्या दोन पावलं आत आल्या. "बाटली ह्यांनी दिली. पानी मी भरलं. वढ्याचं सांगितलं हुतं, मी हिरीचं भरलं, गाळून भरलं. सोनबाभावजींनी काय केलं न्हाई. पिवळं पानी आमच्या शेडातलं हाय, आन् बैल आमीच मारला."

सोपानरावांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. कुणी त्यांच्याकडे बघेना.

"म्हणजे घाण आपल्याच हद्दीतली," नानासाहेब पुटपुटले. "दोन हिस्से आपल्याच गळ्यात." त्यांनी इंदुताईंकडे बघितलं. इंदुताईंनी नुसत्या भुवया उंचावल्या. नानासाहेबांनी कागद ओढला आणि ठराव लिहायला घेतला. शेडला टाळं, सोपानरावांवर फिर्याद, करारातली कलमं. लिहून झाल्यावर ते सोनबाला म्हणाले, "जा बाबा आता घरी. सुटलास."

सोनबा हलला नाही.

"सायेब, आळ समद्यांम्होरं घेतला. मला चोर म्हनले. न्हाई म्हनायचं ते बी समद्यांम्होरं म्हना. कागदावर लिवा आन् वाचा."

नानासाहेबांनी आणखी चार ओळी लिहिल्या आणि कागद सुरेंद्रकडे सरकवला. सुरेंद्रनं बसल्या बसल्या भरभर वाचलं: "सोनबा विठू बागडे, राहणार कुरुळी, यांनी तेरा सप्टेंबरचा नमुना प्रामाणिकपणे घेतला होता. त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता."

सोनबा ऐकत होता. 

"आनी एकदा," तो म्हणाला.

इंदुताईंनी चष्मा काढला, कारण त्यांना आता काही दिसत नव्हतं. सुरेंद्रनं कागद परत हातात घेतला. या खेपेला तो उभा राहिला, आणि सावकाश वाचलं.